शेपटीच्या दोन तारा

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच माझी एक चूक सांगून टाकते.

गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी वेताळ टेकडीवर गेले होते. विजेच्या तारेवर एक वेडा राघू बसला होता. ओळखता ना त्याला? चिमणीएवढा, हिरवागार, डोळ्यांवरून काळी रेघ. तारेवरून झेप घेतो, उडता उडताच माशी पकडतो आणि परत तिथंच येऊन बसतो. त्याच्या शेपटीतून दोन बारीक पिसं तारांसारखी बाहेर आलेली असतात. या राघूला मात्र ती नव्हती. एका मुलीनं विचारलं, "बाई, याच्या शेपटीच्या तारा कुठं गेल्या?"

मला माहीत नव्हतं. पण वर्गासमोर "माहीत नाही" म्हणायला जीभ रेटेना! "अगं, कुठंतरी अडकून तुटल्या असतील," असं ठोकून दिलं आणि पुढं चालू लागले.

नंतर माधव गाडगीळांविषयी वाचायला बसले, तर हाच प्रश्न समोर आला! तेही लहानपणी पुण्यातच राहत होते. चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांनाही बिनतारांचा वेडा राघू दिसला. वडिलांना विचारलं. वडील म्हणजे मोठे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. पक्षी बघायची त्यांनाही आवड. त्यांनी माझ्यासारखं ठोकून दिलं नाही. ते म्हणाले, सालिम अलींना पत्र लिहून विचार. सालिम अली म्हणजे भारतातले सर्वांत नामवंत पक्षीतज्ज्ञ! तरी माधवनं पत्र टाकलं आणि उत्तरही आलं, की ही पिसं दरवर्षी गळतात आणि पुन्हा नवी येतात.

म्हणजे राघूचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते माझं उत्तर.

माधव गाडगीळांचा जन्म १९४२ चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, उंच उडीत चमकले, मग अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन १९६९ मध्ये डॉक्टर झाले. (इंजेक्शन देणारे डॉक्टर नव्हे हं!) विषय होता परिसरशास्त्र. झाडं, प्राणी, माती, पाणी आणि माणसं एकमेकांवर कशी अवलंबून असतात, ते शोधायचं शास्त्र. तिकडं राहता आलं असतं. पण १९७१ मध्ये ते परत आले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. आज तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात.

तिथं वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक होते. दोघं मिळून देवराया पाहत हिंडू लागले. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली फांदीसुद्धा तोडायची नाही, असा गावाचा नियम. शहरातले शिकलेले लोक हसायचे, ही कसली अंधश्रद्धा म्हणून. पण श्रीवर्धनजवळच्या गाणी गावचे लोक वर्तकांकडं मदत मागायला आले. त्यांच्या देवराईतली झाडं तोडायचं वनखात्यानं ठरवलं होतं. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं : आमचा ओढा या राईतून निघतो. राई गेली की पाणी गेलं.

शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिलं. आजूबाजूचे डोंगर उघडे झाले होते. दाट रान उरलं होतं ते देवराईतच, आणि ओढा तिथूनच निघत होता. राईत पाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचं पाणी तो स्पंजासारखा धरून ठेवतो, मग ते हळूहळू जमिनीत मुरतं आणि झऱ्यातून बाहेर येतं. गावकऱ्यांना हे शब्द ठाऊक नसतील, पण पाणी ठाऊक होतं! वनखात्याला समजावल्यावर ती राई वाचली.

पुढं १९७३ मध्ये गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. कारवारकडच्या जंगलात बांबू कमी होत चालला होता आणि तो कागदाच्या गिरणीला हवा होता. कारण शोधायचं काम गाडगीळांकडं आलं. तिथं बांबूच्या बेटांभोवतीचं काटेरी जाळं छाटून टाकायची पद्धत होती. बेट मोकळं झालं की बांबू जोमानं वाढेल, असा साहेबलोकांचा हिशेब. गावकरी म्हणाले, उलट आहे! ते काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचं कुंपण. ते काढलं की गुरं, माकडं, साळिंदरं कोंब खाऊन टाकतात.

आता खरं कुणाचं? गाडगीळांनी गावकऱ्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं बेटं पाहिली, कोंब मोजले. गावकरी बरोबर निघाले. मला हा भाग फार आवडतो. विचारायचंही आणि मोजायचंही. आपण बहुधा यातलं एकच करतो. टेकडीवर मी तर दोन्ही केलं नव्हतं.

२०१० मध्ये सरकारनं त्यांना पश्चिम घाट अभ्यास समितीचं अध्यक्ष केलं. पश्चिम घाट म्हणजे आपला सह्याद्री आणि त्याच्या पुढचे केरळ-तामिळनाडूपर्यंतचे डोंगर. २०११ मध्ये समितीनं अहवाल दिला : हा सगळा पट्टा नाजूक आहे, कुठं किती नाजूक ते पाहून खाणी, धरणं, बांधकामं यांना आवर घाला आणि शेवटी काय करायचं ते गावोगावच्या ग्रामसभांना विचारून ठरवा. अहवालावर मोठा गदारोळ झाला. काही शेतकऱ्यांनाही वाटलं, की आपल्या जमिनींवर बंधनं येतील. अहवाल काही अमलात आला नाही. २०२४ च्या जुलैत केरळमधल्या वायनाडला दरडी कोसळून शेकडो माणसं गेली, तेव्हा तो पुन्हा सगळ्यांना आठवला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी गाडगीळांचा मोठा सन्मान केला. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यातच ते गेले. आईबाबांनो, त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे, 'सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी'. मुलांना त्यातली लहानपणची पानं तरी वाचून दाखवा.

आता राहिली माझी चूक. ती मुलगी आता पाचवीत आहे. तिला मधल्या सुट्टीत गाठून सांगितलं, "अगं, त्या तारा तुटल्या नव्हत्या, गळल्या होत्या. मी चुकीचं सांगितलं." तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग नव्या यायला किती दिवस लागतात?"

या वेळी मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तिनं वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले आहेत : तारीख, जागा, तारा आहेत, तारा नाहीत. दर रविवारी वडिलांबरोबर टेकडीवर जाते. आतापर्यंत तीन ओळी भरल्यात. तुमच्याकडच्या तारेवर वेडा राघू बसत असेल, तर त्याच्या शेपटीकडं बघा आणि मला पत्र टाका. तुमची पत्रं मी तिला नेऊन देईन.