शब्दांचें कूळ : ‘टेल्’

‘से’ आणि ‘टेल्’ या दोन इंग्रजी क्रियापदांनीं शाळेंतल्या मुलांना जितकें रडविलें, तितकें दुसऱ्या कोणीं क्वचितच रडविलें असेल. आमच्या नातवानें ‘त्यानें मला सांगितलें’ याचें भाषांतर परवां ‘ही सेड् मी’ असें केलें. मीं तें खोडलें व म्हटलें, “बाळ, ‘से’ म्हणजे म्हणणें, तेथें ऐकणाऱ्यावांचून अडत नाहीं. ‘टेल्’ म्हणजे सांगणें. तेथें ऐकणारा हवाच.”

हा भेद समजण्यास ‘टेल्’चें कूळ पाहावें. जुन्या इंग्रजींत या क्रियापदाचा अर्थ सांगणें असा होता, तसाच मोजणें असाही होता. म्हणून बँकेंत नोटा मोजून देणारा तो ‘टेलर’, आणि अगणित संपत्ति ती ‘अन्टोल्ड’. जर्मन भाषेंतही ‘त्सेलेन्’ म्हणजे मोजणें व ‘एर्त्सेलेन्’ म्हणजे गोष्ट सांगणें. वाचकांस नवल वाटेल, पण आपल्या संस्कृतांतही तोच प्रकार आहे. ‘ख्या’ म्हणजे सांगणें. त्यापासून आख्यान, व्याख्यान. आणि ‘सम्’ हा उपसर्ग लागतांच संख्या! एकेक नाणें दुसऱ्याच्या हातावर ठेवावें, तशी एकेक गोष्ट क्रमानें, कांहीं न गाळतां, त्याच्या पदरांत घालणें म्हणजे सांगणें.

‘टेल्’चा तिसरा अर्थ आज्ञा करणें. त्याच्या दाखल्यासाठीं आम्हां लोणावळेकरांस दूर जावयास नको. जवळच कार्ल्याच्या लेण्यांत सुमारें १९०० वर्षांपूर्वींचा एक सातवाहनकालीन प्राकृत लेख आहे. त्यांत ‘मामाड’च्या, म्हणजे आपल्या मावळच्याच, अमात्यास लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना द्यावयाच्या दानाविषयीं आज्ञा आहे. तेथील क्रियापद ‘आणपयति’, म्हणजेच आज्ञापयति. या आज्ञेचीच पुढें मराठींत ‘आण’ झाली. येथेंही ऐकणारा ठरलेला. आणि ऐकलें कीं जबाबदारी आली.

इतकें समजावून मी प्रसन्न चित्तानें उठलों, तों सूनबाई म्हणाली, “मामंजी, सोमवारपासून मला सकाळच्या लोकलनें पुण्यास जावयाचें आहे. नोकरीवर रुजू व्हावयाचें.”

“नोकरी? मला कोणीं सांगितलें नाहीं!” माझा आवाज चढला.

“गेल्या रविवारीं मी बोललें होतें. आपण वर्तमानपत्र वाचीत होतां. ‘बरें, बरें’ म्हणालां.”

नातवानें वहींतून मान वर केली. “आजोबा, मग हें ‘सेड्’ कीं ‘टोल्ड्’?”

मला उत्तर सुचेना. देणारा कितीही चोख मोजो, घेणाऱ्यानें हात पुढें करावा लागतो. तिनें मोजून दिलें होतें. मूठ माझीच मिटलेली होती. मीं वर्तमानपत्र बाजूस सारलें व म्हटलें, “बस मुली, आतां पहिल्यापासून सांग.”

गाडीची वेळ, पगार, परतण्यास होणारा उशीर, नातवाचा डबा, असें एकेक कलम तिनें सांगितलें; मीं मोजून घेतलें. शेवटचें कलम माझ्या नांवें मांडलें आहे. सोमवारपासून डबा मी भरतों.