कप होल्डरमधला चिकटा

यंदाच्या रमजानमधली गोष्ट. कारंज्याहून इंझोरीला परतताना गाव थोडंच राहिलं होतं आणि मगरिबची वेळ झाली. गाडी बाजूला उभी करून रोजा सोडावा, असं मुलांची अम्मी म्हणत होती. आम्ही म्हटलं, "पोहोचलोच आता." खजूर हातोहात फिरले. गुलाबाच्या सरबताचा ग्लास आमच्या हाती आला. दोन घोट घेऊन तो आम्ही गिअरजवळच्या कप होल्डरमध्ये ठेवला आणि पुढच्याच गतिरोधकावर अर्धा ग्लास तिथेच सांडला.

"घरी गेल्यावर पुसू," आम्ही म्हणालो. घरी गेल्यावर नमाज, जेवण, तरावीह. पहाटे सहरी आणि सकाळी शाळा. पुसायचं राहूनच गेलं.

ईदपर्यंत त्या सरबताचा पाक झाला होता. त्यावर रस्त्याची धूळ बसली, शेंगदाण्याची सालं चिकटली, पाच रुपयांचं एक नाणं तळाशी रुतलं. मे महिन्यात तर मुंग्यांची रांग लागली. थोरल्याने एकदा पाण्याची बाटली त्यात ठेवली, तर ती काढताना तळातलं रबरच वर आलं. तेव्हापासून घरात कुणी त्या खाचेत काही ठेवेना. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण जो तो आपापली जागा शोधू लागला. धाकटी बाटली मांडीत धरायची, अम्मी पर्समध्ये ठेवायची आणि आम्ही सीटच्या बाजूला, पायाशी.

पुढे मंगरूळपीरला एका निकाहाला निघालो होतो. वळणावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. आम्ही ब्रेकवर पाय दिला, तर ब्रेक पूर्ण खाली जाईना. पायाशी ठेवलेली बाटली घरंगळत पेडलखाली गेली होती. वेग फार नव्हता. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा प्लास्टिक चेपलं, बाटलीचं झाकण उडालं आणि गाडी थांबली. शेळ्या आणि गाडी यांच्यात हातभर जागा उरली होती. शेळ्यांमागे सात-आठ वर्षांचं एक पोर होतं. ते आमच्याकडे बघत उभं राहिलं. गाडीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग धाकटी म्हणाली, "अब्बू, बाटली तिच्या जागेवर ठेवायची ना."

तिची जागा आम्हीच खराब करून ठेवली होती, हे तिला काय सांगणार!

आज हे लिहितो आहोत ते एवढ्यासाठीच. कप होल्डर ही शोभेची खाच नाही. गाडी चालवणाऱ्याचे हात आणि पाय मोकळे राहावेत म्हणून केलेली ती सोय आहे. ती चिकट झाली की आपण ती वापरणं सोडतो, आणि मग बाटली जिथे जाऊ नये तिथे जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंबर कसली आणि आणखी एक चूक केली. किटलीत पाणी तापवून सरळ त्या खाचेत ओतलं. पाक विरघळला खरा, पण पाणी रबराखालच्या फटीतून आत गेलं. संध्याकाळी मागच्या काचा वर-खाली होईनात, कारण आमच्या गाडीत त्यांची बटणं हँडब्रेकजवळच आहेत. मिस्त्रीने तो भाग उघडून वाळवला आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. दोन सीटांच्या मधल्या त्या उंचवट्याखाली गिअरचा सांधा, हँडब्रेकची तार आणि विजेच्या तारांचे जुडगे असतात. बहुतेक गाड्यांत एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारी डबीही तिथेच, तळाच्या पत्र्यावर बसवलेली असते. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे अलीकडे घेतलेल्या जवळपास प्रत्येक गाडीत ही डबी आहेच. तिच्या डोक्यावर आपण किटली ओततो! तेव्हा पहिला नियम हा : कप होल्डरमध्ये पाणी ओतायचं नाही, ओलं फडकं ठेवायचं.

काढायचा कसा?

आधी गाडी सपाट जागी, सावलीत लावावी. हँडब्रेक ओढून किल्ली काढून घ्यावी. मग बॅटरी लावून आत नीट पाहावं. साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिल्या प्रकारात तळाला किंवा पूर्ण खाचेला रबराचं अस्तर असतं. ते बोटाने कडेला धरून सरळ वर ओढलं की निघतं. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकची वाटीच वेगळी असते आणि ती चापांवर बसवलेली असते. कडेला बारीक फट दिसली तर हा प्रकार समजावा. तिसऱ्या प्रकारात खाच मधल्या भागातच ओतलेली, म्हणजे एकजीव असते. ती निघत नाही आणि काढायचा हट्टही करू नये. ती जागच्या जागी साफ करावी. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका घरात कुठेतरी पडलेली असतेच. ती एकदा चाळली तर प्रकार कळायला मदत होते.

अस्तर किंवा वाटी पाकाने घट्ट धरून ठेवली असेल तर जोर लावू नये. रबर फाटतं, चाप तुटतात. पाठ धरल्यावर अम्मी शेक देते, तसा इथेही शेक द्यावा. जुनं सुती फडकं कडक पाण्यात बुडवून घट्ट पिळावं आणि खाचेत दाबून दहा मिनिटं ठेवावं. पाक सैल झाला की अस्तर सहज सुटतं. वाटी उचलायला स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, त्याने ओरखडे पडतात. आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापडात गुंडाळून फटीत घालावं आणि चारही बाजूंनी थोडं थोडं उचलावं. सुटं करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे परत बसवताना वाटीचं तोंड कुठे होतं यावर घरात वाद होत नाही. वाटीखाली तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नये. पिवळं वेष्टण असलेल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. ते काम मिस्त्रीचं.

साफ कसा करायचा?

शाळेत विद्राव्यता शिकवताना आम्ही साखरेचंच उदाहरण देतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते. उकळत्या पाण्यात हेच प्रमाण पावणेपाच किलोच्या वर जातं. म्हणून सरबताचा, कोल्ड्रिंकचा किंवा उसाच्या रसाचा डाग असेल तर गरम फडकं हेच मोठं औषध आहे. खरवडायची गरज नाही, घाई तेवढी नको. शेक द्यावा, पुसावं, पुन्हा शेक द्यावा. तीन-चार वेळा असं केलं की महिन्यांचा पाकही निघून येतो.

दुधाच्या चहाची गोष्ट वेगळी. दुधातली प्रथिनं फार गरम पाण्याने घट्ट बसतात, आणि स्निग्धांशाला साबण लागतो. तिथे कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब पुरे. फेस जास्त झाला की तो काढायला पुन्हा पाणी लागतं, आणि पाणीच तर आपल्याला नको आहे.

क्रम असा ठेवावा. आधी नाणी, साली, कागद काढावेत. मग कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. नंतर शेक. त्यानंतर जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून, ब्रश झटकून, कडा घासाव्यात. तळाच्या कोपऱ्यात ब्रश पोहोचत नसेल तर काडीला कापूस गुंडाळावा. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसावं आणि लगेच कोरडं करावं. निघालेलं अस्तर बादलीत साबणाच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवून धुवावं. दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये, नाहीतर खाली ओल धरते. कडक उन्हात तासन्‌तास टाकू नये, रबर कडक होतं.

च्युइंगगम किंवा चॉकलेट चिकटलं असेल तर उलटं करावं. बर्फाचा खडा पिशवीत घालून त्यावर ठेवावा, म्हणजे ते कडक होऊन सुटतं. स्टिकरच्या डिंकाला खोबरेल तेलाचं बोट लावून थोड्या वेळाने पुसावं आणि वर साबणाचा हात फिरवावा. वास राहिला असेल तर चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावता येतो. मात्र काळ्या चकचकीत प्लास्टिकवर सोडा घासू नये, बारीक ओरखडे दिसतात.

पेट्रोल, थिनर आणि नखपॉलिश काढायचं पाणी यांना हात लावू नये. त्यांनी प्लास्टिक विरघळतं, पांढरं पडतं, आणि बंद गाडीत त्यांची वाफ घातक ठरते. चमक यावी म्हणून तेल किंवा पॉलिशही खाचेत लावू नये. कप निसटतो आणि धूळ दुप्पट बसते.

काही वेळा काहीही सांडलेलं नसतं, तरी जागा चिकट लागते. काही गाड्यांत प्लास्टिकवर मऊ, मखमली लेप दिलेला असतो. ऊन आणि दमट हवा यांनी वर्षांमागून वर्षं तो लेपच विघटित होऊन चिकट होतो. बाहेर ४२ अंश असताना उन्हात बंद करून ठेवलेली गाडी आतून त्याहून पंधरा-वीस अंशांनी जास्त तापते. आपल्या वऱ्हाडात तर हे दोन-तीन महिने रोजचंच. असा चिकटा साबणाने जात नाही. तो लेपच काढावा लागतो, आणि ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

हे सगळं पावसाळ्याआधी उरकावं. घट्ट पाक सहसा सडत नाही, मुरांबा टिकतो तो त्यामुळेच. पण साखर हवेतली ओल ओढून घेते. जून-जुलैत पाक पातळ झाला की बुरशी धरते, आणि त्याच खाचेत आपण लेकरांच्या पाण्याची बाटली ठेवतो.

एवढ्याशा खाचेचं महत्त्व

फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत बसल्या होत्या. गाडी थांबलेली होती. त्या गाडीत कप होल्डर नव्हता. कॉफीत साखर घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरला आणि झाकण काढताना तो कलंडला. कॉफी इतकी गरम होती की त्वचा खोलवर भाजली. आठ दिवस दवाखान्यात राहून त्यांना कातडी बसवून घ्यावी लागली. कॉफी एवढी गरम का दिली, यावर पुढे मोठा खटला गाजला. आम्हाला मात्र त्यातली गुडघ्यांत धरलेल्या कपाची गोष्ट लक्षात राहिली. आपल्याकडेही टपरीवरचा कडक चहा मांडीत धरून लोक गाडी हाकतातच की!

आता आमच्या घरात तीन नियम आहेत. गाडीत फक्त झाकणाची बाटली, उघडा ग्लास नाही. कप होल्डरच्या तळाशी जुन्या मोज्याचा टाचेपर्यंतचा तुकडा घातलेला असतो. काही सांडलं तर तोच पितो, आणि आठवड्याला धुतला की झालं. सांडलंच, तर गाडी थांबवून तिथल्या तिथे पुसायचं. त्यासाठी दारातल्या कप्प्यात एक फडकं कायम असतं.

चौथा नियम आमच्या एकट्यासाठी आहे. रोजा सोडायची वेळ झाली की गाडी बाजूला उभी करायची. गाव कितीही जवळ असो. तेव्हा त्या अंधारात पाच मिनिटं थांबलो असतो तर ग्लास सांडला नसता, खाच चिकटली नसती आणि बाटली पायाशी आली नसती. रस्त्यात उभं राहून आमच्याकडे बघणारं ते पोर अजून डोळ्यांसमोर येतं.

तळाशी रुतलेलं पाच रुपयांचं नाणं निघालं, तेव्हा धाकटीने ते घासून लख्ख केलं आणि आपल्या गल्ल्यात टाकलं. "ही माझी मजुरी," म्हणाली. ब्रश तिनेच धरला होता, तेव्हा आम्हीही काही बोललो नाही.