घरी केलेली स्टेन्सिल म्हणजे नक्कल नव्हे



संक्रांत जवळ आली आहे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही भेटकार्डे करतो. त्यावरून आमच्या वर्गात दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, स्टेन्सिल लावून केलेले कार्ड ही नक्कल आहे, ते वर्गातल्या दोरीवर लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो, लावावे. मी दुसऱ्या पक्षात आहे. का ते सांगते.

स्टेन्सिल म्हणजे जाड कागदात कापलेले चित्राचे भोक. भोकातून रंग खाली उतरतो. बाकीच्या जागी कागद रंगाला अडवतो. दारातल्या रांगोळीचा छाप असाच असतो. पोत्यांवरची अक्षरेही पुष्कळदा अशीच उठवतात.

बाजारात प्लॅस्टिकची तयार स्टेन्सिल मिळते. तिच्यात विचार दुसऱ्याने केलेला असतो. ती आणली तर नक्कल म्हणा, माझी हरकत नाही. पण घरी स्टेन्सिल कापायची तर डोके चालवावे लागते. 'तिळगूळ' हा शब्दच घ्या. त्यातला ळ कापला की दोन्ही गोलांच्या मधले तुकडे गळून पडतात आणि नुसते भोक राहते! म्हणून मधला तुकडा धरून ठेवायला कागदाची बारीक पट्टी सोडावी लागते. तिला आम्ही पूल म्हणतो. प चेही तसेच. शिरोरेषा कापली तर प चे पोट बंद होते. म्हणून अक्षरे शिरोरेषेशिवाय कापायची आणि रेषा शेवटी पट्टीने ओढायची. हे कुठे नक्कल करून येते का?

चित्रासाठी कागदाची मधोमध घडी घालायची. घडीवर अर्धाच पतंग काढायचा, कात्रीने कापायचा. उघडला की दोन्ही बाजू सारख्या. ब्लेड लागतच नाही. कापून पडलेला पतंग टाकू नका. तो कार्डावर ठेवून भोवती जुन्या दातब्रशाने रंग उडवला, की मध्ये पांढरा पतंग उठतो. एका कापण्यात दोन स्टेन्सिली झाल्या. रंग मात्र दाट हवा. पातळ रंग कडेखाली शिरतो आणि सगळं फिसकटतं. चिंधीची पुरचुंडी करून रंग टिपायचा, फासायचा नाय.

ही कला जुनी आहे. मथुरा-वृंदावनाकडे सांझी नावाची कला आहे. तिथले कारागीर कात्रीने कागदाची नाजूक जाळी कापतात आणि त्या जाळीतून रंगांची रांगोळी घालतात. त्याहून जुने म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहा. तिथे माणसांनी भिंतीवर हात ठेवून भोवती रंग उडवला. ते हात ३९ हजार वर्षांहून जुने आहेत, असे २०१४ साली शास्त्रज्ञांनी सांगितले. तिथे स्वतःचा हातच स्टेन्सिल होता. त्याला कोणी नक्कल म्हणेल का?

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या वर्गातली सहा जणं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आहेत. संक्रांतीला ती इथे नसतील, कारखान्याजवळच्या कोपीवर असतील. ज्याला चित्रकला चांगली येते, तो एक कार्ड फार सुंदर करील आणि आपल्या खास मित्राला देईल. मग बाकीच्या पाच जणांचे काय? स्टेन्सिल असली की एका दुपारी सहा कार्डे होतात. सगळी सारखीच चांगली. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. ज्यांना चित्र काढता येत नाही, त्यांनाही कार्ड पाठवता येते. दुसरा पक्ष म्हणतो, सारखी कार्डे कंटाळवाणी दिसतात. पण रंग आपण वेगळा देऊ शकतो. आणि आतला मजकूर तर प्रत्येकाला वेगळा लिहायचाच आहे. तिथे स्टेन्सिल चालत नाही, तिथे मनातलंच लागतं.

म्हणून माझे मत असे की, घरी कापलेल्या स्टेन्सिलची कार्डे दोरीवर लावावीत आणि वर्गात स्टेन्सिलींची एक पेटी ठेवावी. ज्याने कापली त्याने मागे नाव लिहावे, म्हणजे कष्ट कोणाचे ते कळेल.

पालकांनो, तुमच्याकडे मागणे आहे. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे फेकू नका, आम्हाला द्या. जुनी एक्स-रे फिल्म असेल तर फारच छान, कारण ती रंगाने भिजत नाही, पुसली की पुन्हा चालते. ती कापायला ब्लेड लागते, तेवढे मात्र तुम्ही कापून द्या. आणि तुमच्यापैकी कोणी कारखान्याकडे जाणार असेल, तर आमची सहा कार्डे बरोबर न्या.

हे माझे मत झाले. ज्यांना पटले नाही, त्यांनी आपले मत लिहून याच फळ्यावर लावावे. आम्ही वाचू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी