तेराचा बोल्ट

रावेतच्या एकाच इमारतीत हिंजवडीत बसून ईआरपी उभी करणारा आणि चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा राहतो, हे आता नवल नाही. दोघे लिफ्टमध्ये भेटतात, दिवाळीला फराळाची ताटेही जातात-येतात. गाठ पडत नाही ती फक्त आयटम मास्टरमध्ये.

साधा एम8 बोल्ट घ्या. ड्रॉइंगवर तो एम8x25, ग्रेड 8.8. खरेदी विभागाच्या लेखी तो ग्राहकाने दिलेला पार्ट नंबर. लाइनवरचा माणूस मागतो ‘तेराचा बोल्ट’, कारण त्याला तेराचा पाना लागतो. मग एकाच वस्तूचे तीन कोड निघतात. एकाचा साठा रॅकवर धूळ खातो आणि दुसऱ्याच्या नावाने तातडीची पीओ सुटते. लाइनवरच्यांना प्रमाण नाव शिकवा, हा यावर सल्लागारांचा ठरलेला उपाय. आम्हाला तो पटत नाही. ‘तेराचा’ हे पर्यायी नाव म्हणून नोंदवलेच पाहिजे. नाहीतर मागणारा शोधणार कसा? मात्र कोड त्यावर बेतू नये. जपानी मानकाच्या एम8 बोल्टचे डोके बाराचेही असते.

आपल्या पट्ट्यातल्या अनेक व्हेंडरांची वर्गवारी ग्राहकांच्या नावांनी वाढली: हे टाटांचे, हे बजाजचे, हे महिंद्राचे. ग्राहक एकच होता तोवर ते खपले. दुसरा आला की तोच वॉशर दोन गटांत शिरतो. खात्यांवर बेतलेली वर्गवारी त्याहून वाईट. साहेब बदलला की खाती बदलतात.

शि. रा. रंगनाथनांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले ते ग्रंथांसाठी. विषयाला एकाच खणात न कोंबता त्याचे पैलू सुटे करायचे आणि मग जोडायचे, ही त्यातली युक्ती. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काल हे त्यांचे पाच पैलू. कारखान्यात ढोबळमानाने वस्तू, मटेरियल, प्रक्रिया, प्लांट आणि रिव्हिजन म्हणा. ग्राहक हा आणखी एक पैलू. मूळ गट मात्र त्याच्या नावाने पाडू नये.

‘एचएसएन आहे की!’ असे अकाउंट्समधून हमखास ऐकू येते. पण एचएसएनचा प्रश्न कराचा आहे. मोटारीचे सुटे भाग 8708 मध्ये जातात. त्याच मोटारीतला बोल्ट 7318 मध्ये आणि बेअरिंग 8482 मध्ये. सप्टेंबर 2025 पर्यंत 8708 वर 28 टक्के आणि 7318 वर 18 टक्के जीएसटी होता. त्यामुळे वस्तू कोणत्या गटात टाकायची, हे पुष्कळदा करसल्लागारच ठरवत. आता वाहनांच्या सुट्या भागांना सरसकट 18 टक्के लागतो आणि ती ओढाताण सैलावली आहे. एचएसएनला त्याचा स्वतंत्र रकाना देऊन आयटम ग्रुप त्यातून सोडवून घ्यायला याहून बरी वेळ मिळणार नाही.

सुरुवात ‘मिसलेनियस’ गटापासून करा. स्टोअरकीपरला शेजारी बसवा आणि त्याला रॅकवर डोळे मिटून सापडणारी, पण स्क्रीनवर न सापडणारी प्रत्येक वस्तू लिहून घ्या. नवा कोड नाकारण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. सॉफ्टवेअरचे कोटेशन त्यानंतर मागवा.