प्रयोगशाळेतले आतडे
आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. हे काम अस्तराच्या खळग्यांतील मूळपेशींचे. नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी २००९ मध्ये उंदराच्या अशा एकेका पेशीपासून इवली आतडी, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवली. सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात त्यांचे खरे मोल कळले. रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घेऊन ऑर्गनॉइड वाढवतात, त्यावर फोर्स्कोलिन हे रसायन घालतात. निरोगी ऑर्गनॉइड पाणी ओढून टम्म फुगतात, रुग्णाचे जेमतेम. एखादे औषध दिल्यावर तेही फुगले, तर ते औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची आशा धरता येते. ज्यांचा जनुकीय दोष इतका दुर्मीळ की मोठी चाचणी घेणेच अशक्य, त्यांना हा केवढा आधार! मात्र या ऑर्गनॉइडमध्ये एरवी रक्तवाहिन्या, चेतातंतू नसतात. त्यामुळे आतड्याच्या हालचालींचे विकार त्यांत अभ्यासता येत नाहीत.