नकाशा चिखलात तयार होतो!

जिऑलॉजी म्हटलं की सिव्हिलवाल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. बाकी ब्रँचना तर दगड म्हणजे दगडच! तरीही विल्यम स्मिथची गोष्ट प्रत्येकानं वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

हा इंग्लंडमधल्या लोहाराचा मुलगा, कॉलेजचं तोंडही न पाहिलेला. सॉमरसेटच्या कोळसा-कालव्यावर सर्व्हेअर असताना खोदाईत त्याच्या लक्षात आलं, की खडकांचे थर ठरावीक क्रमानंच येतात आणि थरातल्या जीवाश्मांवरून तो थर ओळखता येतो. मग वर्षानुवर्षं देशभर हिंडून त्यानं १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. एकूण १५ शीट्स, जोडल्यावर उंची सुमारे साडेआठ फूट!

रेषा छापलेल्या, पण रंग प्रत्येक प्रतीवर हातानं भरलेला. त्यातली खुबी बघा. प्रत्येक थराचा रंग तळाकडे गडद आणि वर फिका होत जाणारा. त्यामुळे कुठला थर कुणाच्या खाली जातो, ते सपाट कागदावर नुसतं बघून कळतं. ना कॉम्प्युटर, ना कॅड!

आणि बक्षीस काय? लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं त्याला सभासदही करून घेतलं नाही. तिचे अध्यक्ष ग्रीनो यांनी १८२० मध्ये स्वतःचा नकाशा आणला, त्यात स्मिथच्या कामाचा आधार होता. इतरांचीही मेहनत होती, हे मान्य. पण स्मिथचं श्रेय? ते त्या नकाशावर १८६५ च्या आवृत्तीत आलं, तेव्हा स्मिथला जाऊन २६ वर्षं झाली होती. दगडखाणीचा धंदा बुडून १८१९ मध्ये तो कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. सोसायटीनं १८३१ मध्ये पदक देऊन गौरव केला खरा, पण किती उशिरा!

आता आपल्याकडे या. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून रात्रभर जीटी चालते. एकाची शीट, दहा जणांचे मार्क! ‘सगळेच करतात’ हे उत्तर मला पटत नाही. दुसऱ्याचं काम जरूर बघा, शिका, पण त्याचं नाव सांगा. आणि सरांनाही विनंती, शीटवरच्या रेषांबरोबर ती रेष तिथे का आली, हेही विचारा. ज्यानं स्वतः मोजलंय, त्याला उत्तर येतंच.