तलवारीतली नळी

‘दमास्कसच्या तलवारीत नॅनोट्यूब सापडल्या, म्हणजे आपल्या लोहारांना नॅनो तंत्रज्ञान ठाऊक होते,’ असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. आम्हालाही तो अनेकदा आला. त्यातला पहिला अर्धा खरा आहे.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी असदुल्ला या नामांकित कारागिराच्या सतराव्या शतकातील तलवारीचा नमुना आम्लात विरघळवला आणि उरलेल्या अंशात त्यांना कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या दिसल्या. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. अशा पात्यांसाठी लागणाऱ्या वूट्झ पोलादाच्या वड्या दक्षिण भारतातून जात. पण असदुल्लाने नळी कधी पाहिली नव्हती. भट्टीचा ताव आणि पात्यावर उमटणारी लहर एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे होते. आत काय घडते हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून कला एकदा खंडित झाल्यावर पुन्हा उभी करणे जड गेले. आम्हाला अभिमानापेक्षा ही हळहळ जास्त वाटते.

या नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले ते १९९१ साली, जपानच्या सुमिओ इजिमा यांनी. आता त्या इपॉक्सीसारख्या राळेत मिसळतात. नुसत्या राळेतून वीज वाहत नाही. वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी नळ्या घातल्या तरी ती वाहू लागते. कसे? शीरखुर्मा आठवा. चारोळ्या दुधात सुट्या राहतात, पण तेवढ्याच वजनाच्या शेवया एकमेकींना टेकून जाळे धरतात. लांब नळ्यांचे तसेच होते आणि त्या जाळ्यातून वीज वाट काढते.

बोइंग ७८७ विमानाचे जवळपास निम्मे वजन कंपोझिटचे आहे. वीज कोसळली तर ती पसरून जावी म्हणून त्याच्या बाह्य आवरणात धातूची जाळी घालावी लागते. नळ्यांनी ते काम केले तर तेवढा भार वाचेल. अडचण गुठळ्यांची आहे. नळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात, राळ दाट होते, आणि एकट्या नळीची अफाट ताकद तयार वस्तूत पुरती उतरत नाही.

दुसरी अडचण धुळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली या नळ्यांचा एक प्रकार माणसाला कर्करोग करण्याची शक्यता असलेल्यांत धरला. राळेत घट्ट बसलेल्या नळीपेक्षा मोकळी भुकटी आणि कापताना-घासताना उडणारी धूळ यांची काळजी अधिक. घरातला मुलगा अशा कारखान्यात लागला, तर पगाराआधी त्याला एवढे विचारायला सांगा : धूळ ओढून घेणारे यंत्र आहे का, आणि मास्क कोणता मिळतो?